तोंड वरच्यांकडे, शेपूट पलीकडच्यांकडे

मी मोंव्हेराकच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा तांब्याचा कोंबडा बोलतोय. बाकी काही सांगायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती मनातल्या मनात घोकून मी थकलोय. वारा मी आणत नाही. वारा येतो आणि मी त्याच्याकडे तोंड करतो. माझं काम एवढंच. दोनशे वर्षांहून जास्त काळ मी या गावाच्या डोक्यावर बसलोय, पण एवढी साधी गोष्ट अजून कुणाच्या डोक्यात शिरलेली नाही.

ऊन पडलं की माझी आठवण कुणाला होत नाही. पाऊस आला की मात्र चौकातला प्रत्येक माणूस मान वर करून माझ्याकडे असं बघतो, की मीच बादली उपडी केली. गारा पडल्या, खापर माझ्यावर. लग्नाच्या वरातीत नवरीची ओढणी उडून मटणवाल्याच्या आकड्यात अडकली, तेव्हाही नवरीच्या आईने आधी माझ्याकडे बघून हात झटकले.

माझा जन्मच भांडणातून झाला. तेव्हा फ्रान्सला अजून राजा होता. बार्तेलेमी नावाचा तांबट होता, हात सोन्याचा आणि खिसा फाटका. चर्चने त्याला कोंबडा करायला सांगितला आणि तांबं कुठून आणायचं ते काही सांगितलं नाही. त्याने बायकोची मुरंब्याची कढई कापली. बायको, पेरोन, बाजारातून परत आली तेव्हा कढईच्या बुडाची माझी छाती झाली होती.

"मुरंबा आता काय चर्चच्या छपरावर चढून करू?" तिने विचारलं.

"देवाचं काम आहे, पेरोन."

"मग देवाला सांगायचं, स्वतःची कढई आण म्हणून."

ती बरोबर होती, असं मला आजही वाटतं. उन्हाळ्यात अंग तापलं की माझ्या पोटातून अजून आलुबुखारांचा वास येतो. चिमण्यांनासुद्धा तो कळतो. माणसांना कळत नाही.

मला वर बसवलं त्या दिवशी मी पहिल्यांदा गाव पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर चर्च, त्याच्यापुढे चौक, चौकाभोवती नोटरीचं घर, औषधवाल्याचं दुकान, पावाची भट्टी, आणि जुन्या तटबंदीचे उरलेसुरले दगड. हे वरचं गाव. त्याच्या पश्चिमेला उतारावर द्राक्षांचे मळे, आणि त्यांच्याही पलीकडे, फार लांब, समुद्र. तो दिसत नाही, पण त्याचा ओला वारा वर्षातले बहुतेक दिवस माझ्या तोंडावर येतो.

मागच्या अंगाला, म्हणजे पूर्वेला, टेकडी एकदम खाली उतरते. तिच्या पायाशी लेर्न नदी वळसा घेते. नदीवर कमानींचा जुना पूल, आणि पुलापलीकडे कातडी कमावणाऱ्यांची पेठ. वरच्या गावात तिला नुसतं 'पलीकडे' म्हणतात. पलीकडचा पाव, पलीकडची सून, पलीकडचे लोक. हे म्हणताना नाक थोडं वर उचलायचं, ही पद्धत.

ही पेठ तिथेच का, ते मला वर चढल्या चढल्या कळलं. कातडी चुन्यात भिजतात, झाडांच्या सालीच्या पाण्यात मुरतात, आणि त्यांचा वास डोळ्यांत पाणी आणतो. वरच्या लोकांना जोडे पाहिजे होते, हातमोजे पाहिजे होते, वास नको होता. म्हणून कुठल्या तरी जुन्या सरदाराने कातडीवाल्यांना नदीपार, वारा जिकडे जातो त्या बाजूला नेऊन बसवलं.

आता बघा. ज्या वाऱ्यामुळे त्या लोकांना पलीकडे जावं लागलं, तोच वारा माझं तोंड पश्चिमेला धरून ठेवतो. चोच वरच्या गावाकडे आणि शेपूट पेठेकडे. भांडायचं तर त्या सरदाराशी भांडायचं, नाहीतर समुद्राशी. पण सरदार मेला आणि समुद्र ऐकत नाही, म्हणून सगळी पेठ माझ्यावर रुसून बसली. कोंबडा आपल्याला शेपूट दाखवतो, असं तिथल्या आया मुलांना पाळण्यातूनच शिकवायला लागल्या.

मग गावाचा इतिहास म्हणाल, तर तो माझ्या खालून गेला आणि जाताना प्रत्येकाने मला आपलंच म्हटलं. राजाच्या वेळी मी श्रद्धेचं प्रतीक होतो. क्रांती झाली तेव्हा चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा केल्या, आणि एक मोची मनोऱ्यावर चढून माझ्या तुऱ्यावर क्रांतीवाल्यांची लाल टोपी घालून गेला. मी आता नागरिक कोंबडा झालो. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने टोपी उडवून नदीत टाकली, तर मी क्रांतीचा शत्रू ठरलो. पुढे सम्राट आला, तो गेला, राजा परत आला, प्रजासत्ताक आलं. प्रत्येक वेळी खाली भाषण झालं आणि बोट माझ्याकडे गेलं. मी वाऱ्याकडे बघत होतो.

माझ्या डाव्या डोळ्याच्या जागी भोक आहे. दर स्मृतिदिनाला गावचे मेयर सेगाला चौकात उभे राहतात, शाळेतल्या मुलांना माझ्याकडे बघायला लावतात आणि जड आवाजात सांगतात की ही शत्रूच्या गोळीची जखम आहे. मुलं गप्प होतात. म्हाताऱ्या डोळे पुसतात. आणि मी वर बसून तडफडतो. शत्रूचे सैनिक गावात आले होते हे खरं, पण त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती गोळी सेगालांच्या आजोबांची. औषधाचं दुकान चालवणारा तो माणूस शिकारीच्या पहिल्याच दिवशी एकही तितर न मारता परतला होता, दारू जरा जास्त झाली होती, आणि मित्र हसले. मग त्याला मारण्याजोगा एकच पक्षी समोर दिसला.

असो. ज्या गोष्टीपायी पुढचं सगळं रामायण घडलं, ती सांगतो.

आमच्याकडे एक रीत आहे. मनोऱ्यावरचा कोंबडा दुरुस्तीला खाली उतरला, की परत वर जाण्याआधी त्याला गावातल्या प्रत्येक दारात न्यायचं. लोक हात लावतात, शेपटीला नाहीतर मानेला फीत बांधतात, तान्ह्या पोरांना पाठीवर बसवतात, आणि मला वाहून नेणाऱ्यांना पेलाभर वाइन देतात. एकदा कोंबडा वर गेला की आयुष्यात परत भेट होईलच असं नाही, म्हणून ही भेट.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, तेव्हा मी असा खाली आलो होतो. फुलांनी सजवलेल्या पाटावर मला ठेवून मिरवणूक सकाळपासून वरच्या गावात दारोदार फिरली. मग उतार उतरून पुलावर आली. मी पाटावरून समोर पाहिलं. पेठेने नदीकाठी टेबलं मांडली होती, पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पांढरा झगा घालून उभी होती. तिच्या हातात निळी फीत होती.

आणि वर बारा वाजले.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, बारा वाजले की मोंव्हेराकमध्ये जग थांबतं. घर पेटलेलं असलं तरी आधी सूप पिऊन होईल. पाट वाहणारे पुलाच्या मधोमध थांबले. फादरनी मागे वळून चर्चकडे पाहिलं, मेयरनी घड्याळ काढलं. कुणीतरी म्हणालं, "बारा वाजले. रस्सा थंड होईल. जेवून येऊ." आणि अख्खी मिरवणूक मागे वळली. जेवण लांबलं. चीज आलं, मग कॉफी, मग कॉफीवर काहीतरी. संध्याकाळी सगळ्यांना आठवलं ते एवढंच, की कोंबडा वर चढवायचा राहिलाय. मला घाईने वर चढवलं. पेठेची टेबलं तशीच होती. ती मुलगीही तिथेच होती, फक्त आता खाली बसली होती.

पुढे वरच्यांनी सांगायला सुरुवात केली की त्या दिवशी पुलाची कमान धोक्यात होती. कमान ठणठणीत होती. त्यांना मटण खायचं होतं.

त्या मुलीचं नाव इर्मा. ती मोठी झाली, कातड्याच्या कारखान्यात लागली, तिथेच तिच्या हातांना कायमचा तपकिरी रंग चढला. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. मग कारखानाही बंद पडला, आणि लेर्नचं पाणी रोज रंग बदलायचं थांबलं. वास गेला, पण 'पलीकडे' म्हणताना नाक वर उचलायची सवय गेली नाही. इर्माचे गुडघे गेले तेव्हा तिने खुर्ची खिडकीत ओढली. खिडकीतून पूल दिसतो, टेकडी दिसते, मनोरा दिसतो आणि माझी शेपूट दिसते. रोज सकाळी ती झडपा उघडायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "अजून तसाच बसलाय, मेला."

तिचा मुलगा गास्पार छपरांची कामं करतो. गावात मनोऱ्यावर चढणारा माणूस तोच.

मग गेल्या फेब्रुवारीत पूर्वेचा वारा सुटला. कोरडा, हाडात शिरणारा. तो क्वचित येतो, पण आला की मी माझं काम करतो. मी वळलो, तोंड पेठेकडे केलं. त्याच्या मागोमाग बर्फ आलं, मग पाऊस, आणि माझ्या दांड्याच्या खुंटीत कित्येक वर्षांचा गंज आवळून बसला. वारा परत पश्चिमेला गेला. मला काही वळता येईना.

सगळ्यात आधी इर्माला कळलं. तिने झडपा उघडल्या आणि हाक मारली, "बेर्त, ए बेर्त, बाहेर ये. बघ वर."

बेर्तचं खानावळवजा कॅफे इर्माच्या घराखालीच आहे. ती एप्रनला हात पुसत आली आणि तिने वर पाहिलं.

"आज वारा कुठला आहे?" तिने विचारलं.

"पश्चिमेचा. तुझे कपडे बघ कुठे उडतायत."

"म्हणजे हा आपणहून बघतोय?"

"गंजलाय तो," कॅफेत बसलेला कुणीतरी म्हणाला.

"गंज असो नाहीतर माया असो," बेर्त म्हणाली, "तोंड आपल्याकडे आहे ना? मग गप्प बस आणि पी."

त्या रविवारी पेठेने पुलावर पताका लावल्या. ॲकॉर्डियन आलं, नाच झाला. बेर्तने कोंबड्याच्या आकाराचा केक केला, तो बदकासारखा झाला, तरी सगळ्यांनी खाल्ला. आणि मी वर. वारा पाठीत गुद्दे घालतोय, खुंटी करकरतेय, मान वळवायचा जीव तोडून प्रयत्न करतोय, आणि खाली लोक माझ्या नावाने पेले उचलतायत. मला आयुष्यात एवढं प्रेम कधी मिळालं नव्हतं आणि ते मिळालं ते माझं काम बंद पडल्यावर.

वरच्यांची तर वेगळीच तऱ्हा. एप्रिलमध्ये पूर्वेचा वारा म्हणजे द्राक्षाच्या कोवळ्या कोंबांना मारणारं दंव. म्हणून मळेवाले उठल्या उठल्या आधी माझ्याकडे बघतात आणि माझं तोंड पूर्वेला दिसलं की ओल्या पेंढ्याचा धूर करतात. मी अडकलोय हे त्यांना माहीत होतं. चौकात त्यावर चर्चा करूनच ते घरी गेले होते. तरी सकाळी डोळे चोळत बाहेर आले, वर पाहिलं, आणि पेंढा पेटवला. समुद्राकडून येणाऱ्या उबदार वाऱ्याने तो सगळा धूर उचलून वरच्या गावात घातला. पावाला धुराचा वास, चादरींवर काजळी. आणि असं एकदा नाही झालं. आठवडाभर रोज झालं. टीव्हीवर हवामान सांगतात ते घरोघरी लागलेलं असतं, पण या माणसांचा हात आधी पेंढ्याकडे जातो.

शेवटी सगळं वरचं गाव मेयर सेगालांच्या औषधाच्या दुकानात जमलं. कोंबडा दुरुस्त करा. सेगालांनी गास्पारला बोलावलं.

"तूसांच्या आत झालं पाहिजे," ते म्हणाले. तूसां म्हणजे आमचा नोव्हेंबरच्या सुरुवातीचा सण, त्या दिवशी लोक आपापल्या मृतांच्या कबरींवर फुलं वाहतात, आणि त्यानंतर वादळं सुरू होतात. "खुंटी बुडाशी हलायला लागलीय. हिवाळ्यात तो टिकणार नाही. तुला जमणार नसेल तर सांग, शहरातले लोक येऊन नवा बसवतील. हा संग्रहालयात जाईल."

संग्रहालय म्हणजे नगरपालिकेच्या जिन्याखालची काचेची कपाटं. तिथे फुटक्या कौलांशेजारी वारा नसलेल्या जागी मी बसणार होतो. हे ऐकून माझं तांबं गार पडलं.

गास्पार त्या दिवशी आईकडे जेवायला आला. खिडकी उघडी होती आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, त्याला खाली काढावं लागेल."

इर्माने सुपाची पळी खाली ठेवली. "कुणाला?"

"तुला माहितीये कुणाला. तो गंजलाय."

"मीही गंजले आहे. मला कुणी खाली काढतं का?"

"आई, तो पडेल."

"पडला तर आमच्याकडे पडेल. वारा तिकडून येतो ना? तूच सांगतोस."

"चेष्टा नको ना. मी नाही केलं तर दुसरे येतील. मग तो परत दिसणारच नाही."

इर्माने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. मग तिने आवाज न चढवता सांगितलं, "माझ्या जन्मात पहिल्यांदा त्याने आपणहून आमच्याकडे तोंड केलंय. तू पेठेतला, माझ्या पोटचा, आणि तूच त्याचं तोंड फिरवणार. त्याला हात लावलास तर माझ्याकडे जेवायला यायचं नाही."

 गास्पारने सूप संपवलं, ताटली पाव फिरवून पुसली, आणि गेला.

सगळा उन्हाळा पेठ त्याच्याशी धड बोलली नाही. बेर्त त्याच्यापुढे कॉफी आदळायची. त्याच्या दारावर कुणी तरी खडूने कोंबड्याची शेपूट काढली. आणि तो मात्र संध्याकाळी कामावरून येताना पुलावर थांबून माझ्याकडे बघायचा, खुंटी किती कलली ते. माझी काळजी करणारा सगळ्या गावात तो एकटा होता, आणि त्याचीच सगळ्यांनी दैना केली होती.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी तो वर आला. दोर, शिडी, तेलाचा डबा. माझ्याजवळ पोचल्यावर धापा टाकत बसला.

"तुझ्यापायी आई बोलत नाही माझ्याशी," तो म्हणाला.

माझ्यापायी? मी तिथे तोंड उघडून ओरडलो असतो, तर सगळ्या खोऱ्यात ऐकू गेलं असतं. माझ्यापायी कसं, बाबा? मी काय तुमच्यात भांडण लावलं? मी तांब्याचा आहे. मला फक्त वाऱ्याकडे बघायचंय. पण त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो हात उबदार होता, आणि मी गप्प राहिलो.

मला खाली उतरवलं तेव्हा इर्माने खिडकीच्या झडपा लावून घेतल्या. गास्पारने मला त्याच्या कार्यशाळेत नेलं. ती पुलापलीकडे, पेठेत. आयुष्यात पहिल्यांदा मी पेठेच्या जमिनीवर होतो आणि मला भेटायला कुणी आलं नाही. त्याने खुंटी कापून नवी बसवली, माझ्या पोटातली चिमण्यांची घरटी काढली, तुरा सरळ केला. डोळ्याचं भोक तसंच ठेवलं.

मिरवणुकीचा दिवस ठरवायला सेगाला आले. "चर्चच्या दारातून निघू," ते म्हणाले, "नेहमीसारखं."

गास्पार हातावरचं तेल पुसत होता. "रीत काय आहे, मेयरसाहेब? कोंबडा जिथे दुरुस्त झाला तिथून निघतो."

"हो, पण नेहमी तो वरच दुरुस्त झालाय."

"या वेळी नाही झाला," गास्पार म्हणाला.

 रीत सेगालांच्या बाजूची नव्हती. शेवटी असं ठरलं, की मी आधी पेठेत दारोदार फिरायचं, आणि वरच्या गावाने साडेअकराला बँड घेऊन पुलावर मला घ्यायला यायचं.

त्या सकाळी पाट उचलला तेव्हा पेठेतली अर्धी दारं बंद होती. लोक पडद्याआडून बघत होते. गास्पार न बोलता दार वाजवायचा आणि थांबायचा. पहिल्यांदा एका म्हाताऱ्याने दार उघडलं, माझ्या पंखाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. मग शेजारचं दार उघडलं. मग कुणी तान्हं मूल माझ्या पाठीवर ठेवलं, त्याने माझ्यावर मुतून घेतलं, आणि लोक हसले. तिथून पुढे दारं आपोआप उघडायला लागली. बेर्तने वाहणाऱ्यांना वाइन दिली आणि गास्पारला दोनदा दिली, पण बोलली नाही.

एकच दार राहिलं होतं. इर्माच्या झडपा बंद होत्या.

गास्पारने दार वाजवलं. "आई."

त्याने परत वाजवलं.

"आई, कोंबडा आलाय."

आत काहीतरी खडखडलं आणि परत शांत झालं. मागे सगळी पेठ उभी होती. पुलावर बँडवाले कंटाळून पाय बदलत होते. गास्पार दाराला हात लावून उभा राहिला. मी पाटावरून त्याचं तोंड बघत होतो आणि मला पहिल्यांदा असं वाटलं, की मी खरंच गंजून पडलो असतो तर बरं झालं असतं.

आणि वर बारा वाजायला लागले.

सेगाला पूल ओलांडून घाईघाईने आले. घड्याळ हातात होतं. "गास्पार," ते म्हणाले, "बारा वाजले."

पेठेत कुणी हललं नाही. तेच शब्द, तोच पूल. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनासुद्धा ते पाठ होते. सेगालांनाही आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी घड्याळ खिशात घातलं आणि ते परत काढावं की नाही अशा विचारात हात तिथेच ठेवला.

कडी निघाली. दारात इर्मा उभी होती, एका हातात काठी, अंगावर रविवारचा काळा झगा, त्यावर एप्रन. तिच्या मागून आलुबुखार घालून शिजवलेल्या सशाचा वास आला. तो वास माझ्या पोटाने लगेच ओळखला.

"बारा वाजले असं कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"मी, मादाम इर्मा," सेगाला म्हणाले.

"मग बसा. पहाटेपासून चुलीपुढे आहे मी. ह्या वेळी कुणी जेवायला वर जाणार नाही."

मेयर तिथेच बसले. दुसरं काय करणार? बेर्तने टेबलं बाहेर काढली, प्रत्येक घरातून एकेक भांडं आलं. बँडवाल्यांना पुलावरून हाक मारली, तेही आले, आणि त्यांच्या मागून वरचं गाव आलं, आधी पोटाच्या ओढीने, मग लाजत. गास्पारला इर्माने स्वतः वाढलं. बोलली एवढंच, "नीट खा, बारीक झालायस."

मग ती काठी टेकत माझ्यापुढे आली. मला टेबलाच्या टोकाशी ठेवलं होतं. तिने माझं तोंड नीट, सावकाश पाहिलं. चोच एका बाजूला वाकलेली, तुऱ्याचा एक दात तुटलेला, हिरवट डाग, डोळ्यात भोक.

"हे भोक सेगालाच्या आजोबाचं, नाही का?" तिने विचारलं.

मेयर ताटात बघत राहिले. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच न्याय मिळाला.

"आणि ह्या तोंडासाठी मी जन्मभर भांडले?" इर्मा म्हणाली. "अरे, ह्यापेक्षा शेपूट बरी होती."

आधी गास्पार हसला, मग सगळे हसले. इर्मा हसली नाही. तिने एप्रनच्या खिशातून कातड्याची एक लांब, अरुंद वादी काढली, निळ्या रंगात रंगवलेली.

"निळी फीत होती तेव्हा माझ्याकडे," ती म्हणाली. "ती कधीच फाटली. वर एका हिवाळ्यात फाटलीच असती म्हणा. ही मी स्वतः कमावलेली. कारखाना बंद झाला तेव्हा शेवटच्या कातड्यातून कापून ठेवली होती. गास्पार, ही बांध."

"मानेला?"

"मानेला कशाला? मला मान कधी दिसते? शेपटीला बांध. ती आमचीच आहे."

त्याने बांधली. तिने गाठ दोनदा ओढून पाहिली आणि परत बांधायला लावली.

संध्याकाळी मी वर गेलो. नव्या खुंटीवर ठेवल्याबरोबर समुद्राचा वारा आला आणि मी वळलो, हलका, एकही करकर न करता. तोंड पश्चिमेला, शेपूट पेठेवर, आणि शेपटीला निळी वादी फडफडत होती. त्या क्षणी मी सुखी होतो, हे कबूल करतो.

ते सुख आठवडाभर टिकलं. आता वरचे लोक नाराज आहेत. वादी फक्त पलीकडच्यांनाच दिसते म्हणे. आमच्या बाजूला काही का नाही? सेगालांकडे शिष्टमंडळ गेलं होतं, माझ्या चोचीला लाल फीत बांधा म्हणून. चोचीला बांधलेली फीत वाऱ्याने मागेच उडणार, हे त्यांना कोण सांगणार? माझं तोंड रोज त्यांच्याकडे असतं आणि त्यांनी ते एकदाही नीट पाहिलं नाही. आता त्यांना शेपूट हवीय.

म्हणून वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावात एखादा माझा भाऊबंद असेल, तर त्याच्यावर कसले अर्थ लादू नका. त्याला दोन थेंब तेल घाला आणि वाऱ्याकडे बघू द्या.

परवा पूर्वेचा वारा सुटला. या हिवाळ्यातला पहिला. मी वळलो, व्यवस्थित, गंजाने नाही तर माझ्या कामापोटी, आणि माझं तोंड थेट इर्माच्या खिडकीकडे आलं. झडपा उघड्या होत्या. ती खुर्चीत बसली होती. तिने वर पाहिलं, मला पाहिलं, खांद्यावरची शाल घट्ट ओढली.

"थंडी फार आहे आज," ती म्हणाली, आणि तिने झडपा लावून घेतल्या.